कागद पास, गाडी नापास



या व्यासपीठावर संतसाहित्य, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली आहेत. यंदा ट्रकच्या धुरावर बोला असे सांगण्यात आले, तेव्हा आम्हाला थोडा संकोच वाटला. चवथीच्या दिवसांत धूर म्हणजे धूप-अगरबत्तीचा. त्यात हा डिझेलचा धूर कुठून आणायचा? पण सभागृहात येताना सहज नजर टाकली. माटोळीची फळे, घाटमाथ्यावरची फुले, बेळगावची भाजी, मंडपाचे सामान, महाप्रसादाचा तांदूळ. यातले बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या ट्रकमधूनच आले आहे. तेव्हा विषय आपल्या घरातलाच आहे.

आम्ही म्हणजे डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत शिरलेली, गाड्या तपासणारी माणसे. चाळिशी ओलांडली आणि निम्मे आयुष्य पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर गेले. त्यामुळे जे सांगणार आहोत ते पुस्तकातले कमी आणि रस्त्यावरचे जास्त.

पेडण्याचे ट्रक आणि डिचोलीचे ट्रक वेगळे. पेडण्यात पत्रादेवीहून राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून बाहेरगावच्या मालगाड्या येतात. मालपेच्या चढावर भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत चढताना आपण सर्वांनी पाहिला आहे. मोपाच्या विमानतळाचे काम सुरू झाल्यापासून खडी, सिमेंट, लोखंड यांची वाहतूक वाढली. डिचोलीचे ट्रक मात्र आपल्याच शेजाऱ्यांचे. खाणीवरून खनिज भरायचे, सारमानससारख्या जेटीवर ओतायचे आणि मांडवीतल्या बार्जेसनी ते पुढे न्यायचे. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात होत होते. एवढा माल दहा-दहा टनांनी हलवायचा तर पन्नास लाख भरलेल्या खेपा होतात, आणि तितक्याच रिकाम्या. तेव्हा गावे लाल धुळीबद्दल ओरडत होती आणि ते रास्तच होते. पण धूळ डोळ्यांना दिसते, तुळशीच्या पानावर बसते. डिझेलच्या धुरातले बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातले. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या.

आता तपासणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपण ज्याला पीयूसी म्हणतो ते प्रमाणपत्र केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ खाली येते. पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाले की प्रत्येक गाडीला ते लागते. जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी, भारत स्टेज चार आणि त्यानंतरच्या गाड्यांना वर्षाने. डिझेल ट्रकची चाचणी अशी. इंजिन नीट तापलेले हवे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, सायलेन्सरच्या तोंडात नळी घालायची आणि अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबायचा. असे काही वेळा करून आकड्यांची सरासरी काढतात. यंत्राच्या आत धुरातून प्रकाश सोडलेला असतो. धूर जितका दाट तितका प्रकाश अडतो आणि आकडा वाढतो. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, स्टेज चारला १.६२.

चाचणी साधी आहे, स्वस्त आहे आणि प्रामाणिकपणे केली तर उपयोगाचीही आहे. पण तिच्या मर्यादा आपण ओळखल्या पाहिजेत. ट्रक रिकामा उभा आहे, चढ नाही, पाठीवर माल नाही. त्या एका दिवशी, त्या दोन मिनिटांत इंजिन कसे होते एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. ताप नसताना डॉक्टरांकडे जाऊन आणलेल्या दाखल्यासारखे आहे ते. पुढच्या आठवड्यात ताप येणार नाही असे त्यात कुठेही लिहिलेले नसते.

इथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. मालपेच्या चढावर एक मालट्रक काळाकुट्ट धूर सोडत आला. त्याच्या मागे स्कूटरवर एक जोडपे, मध्ये चार-पाच वर्षांचा मुलगा. आईने आपली ओढणी त्याच्या नाकावर दाबून धरली होती. आम्ही ट्रक थांबवला. चालकाने शांतपणे प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. पीयूसी चालू, अजून तीन महिने बाकी. आम्ही कागद परत दिले आणि जायला सांगितले. ट्रक सुरू झाला तसा पुन्हा तोच धूर. स्कूटरवाल्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आजही विसरता येत नाही.

तेव्हा वाटले होते, कागद बरोबर असल्यावर आपण काय करणार? पण हे खरे नव्हते. त्याच नियमावलीत ११५ च्या शेजारीच नियम ११६ आहे. प्रमाणपत्र चालू असले तरीही, गाडीच्या धुराने प्रदूषण होत आहे असे मानायला कारण असेल, तर मोटार वाहन निरीक्षक किंवा पोलीस उपनिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी चालकाला लेखी आदेश देऊन पुन्हा चाचणी करायला लावू शकतो, आणि सात दिवसांत नवे प्रमाणपत्र दाखवायला सांगू शकतो. म्हणजे कागद आणि धूर यांत तफावत पडू शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी वाट ठेवली होती. आम्ही त्या वाटेने गेलो नाही, कारण कागद पाहून सोडणे सोपे होते.

कागदावर पास आणि रस्त्यावर नापास हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये ट्रकची डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांवर सरकारने कारवाई केली. त्यांच्या इंजिनांतला संगणक चाचणीच्या वेळी नियम पाळायचा आणि महामार्गावर गाडी एका वेगात धावू लागली की प्रदूषण वाढू द्यायचा. अशी सुमारे १३ लाख इंजिने निघाली. आठ कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. तिथे लबाडी कारखान्यात होती, आपल्याकडे ती बहुधा गॅरेजमध्ये असते. एवढाच फरक.

आता डिचोलीचा अनुभव. खाणी २०१२ ला थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळे बंद झाले. या काळात किती घरांच्या अंगणात ट्रक उभे राहिले हे डिचोलीकरांना सांगायला नको. चाकांखाली गवत उगवले, बँकेचे हप्ते मात्र चालूच होते. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या ब्लॉकांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले.

अशाच एका मालकाचा २००८ सालचा टिप्पर आम्ही चवथीच्या आधी रस्त्यात अडवला. माणूस साठीच्या घरातला, ओळखीचा नव्हे पण चेहऱ्याने माहीत. धूर इतका की मागची गाडी दिसत नव्हती. कागद चालू होता.

"साहेब, पीयूसीला अजून चार महिने आहेत," ते म्हणाले.

"काका, पीयूसी आम्ही पाहिली. धूरही पाहिला."

"चवथ तोंडावर आली. एवढी खेप सांभाळून घ्या."

त्या वेळी आम्ही नियम ११६ खाली लेखी आदेश दिला. काकांना राग आला, आणि तो समजण्यासारखा होता. चाचणी झाली. आकडा तीनच्या वर गेला आणि यंत्राने नापासची पावती काढली. ही नापासची पावती जून २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने आली. त्याआधी नापास गाडीला काही कागदच मिळत नसे, मालक गुपचूप दुसरे केंद्र गाठायचा. आता कारण लिहिलेला कागद हातात पडतो आणि तो घेऊन मेकॅनिककडे जाता येते.

मेकॅनिकने गाडी उघडली. एअर फिल्टर लाल मातीने गच्च भरला होता. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता, त्यामुळे डिझेल अर्धवट जळून काळे बाहेर पडत होते. नोझल झिजले होते. आणि डिझेल पंपाचे सील तुटलेले होते. जास्त माल ओढायला ताकद मिळावी म्हणून कोणीतरी कधीतरी पंप वाढवून दिला होता. दोन दिवसांनी गाडी पुन्हा चाचणीला आली तेव्हा आकडा दोनच्या खाली होता. गाडी जुनीच, मर्यादाही तीच.

नंतर काका भेटले. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाले, "डिझेल थोडे कमी लागते हे खरे. पण दोन दिवसांच्या खेपा बुडाल्या, त्या कोण भरून देणार?" आमच्याकडे उत्तर नव्हते. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला गाडी एक दिवस उभी करणे म्हणजे एका दिवसाची चूल. म्हणून तो फिल्टर बदलणे पुढे ढकलतो. त्याच्या ढकलण्याची किंमत रस्त्याकडेच्या घरातली मुले आणि म्हातारी माणसे देतात, आणि दिवसभर केबिनमध्ये बसून सर्वांत जास्त तो स्वतः देतो.

काही जण म्हणतात, जुन्या गाड्या गेल्या की प्रश्न संपेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाले, हे मोठे पाऊल आहे यात शंका नाही. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. ट्रकच्या इंजिनाने एका युनिटएवढे काम केले की नायट्रोजन ऑक्साइड किती ग्रॅम सोडायचे, ती मर्यादा स्टेज चारला ३.५ होती, सहाला ०.४ झाली. हे साधते ते युरियाच्या द्रावणाने. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, वेगळ्या टाकीत भरायचे. साधारण शंभर लिटर डिझेलमागे पाच लिटर लागते. टाकी रिकामी राहिली तर गाडीची ताकद आपोआप कमी होते, म्हणजे मालकाने ते भरावेच अशी योजना आहे.

पण आपल्याकडे त्यालाही जुगाड निघाला. एक छोटी डबी जोडायची, जी संगणकाला सांगते की युरिया भरलेला आहे. गाडी जोरात पळते, खर्च वाचतो. आणि इथेच धोका आहे. नायट्रोजन ऑक्साइडचा काळा धूर होत नाही. पीयूसीचे यंत्र डिझेल गाडीचा फक्त धूर मोजते. म्हणजे अशी गाडी चाचणीत आरामात पास होईल. जुन्या टिप्परचा दोष लांबूनही दिसतो. नव्या ट्रकचा दोष पाहायचा तर वायरिंग पाहणारा डोळा हवा आणि मालकाची दानत हवी.

कायद्यात शिक्षा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने वाढलेले हे दंड गोव्यात एप्रिल २०२२ पासून लागू झाले. पण प्रत्येक वळणावर निरीक्षक उभा करता येणार नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांकडे चार गोष्टी मागतो.

ज्यांचे स्वतःचे ट्रक आहेत त्यांनी पीयूसीच्या तारखेची वाट न पाहता एअर फिल्टर आणि नोझल वेळच्या वेळी पाहावेत. खाणीवर चालणाऱ्या गाडीला तर हे अधिक लवकर लागते. दुसरे, पंपाचे सील तोडू देऊ नये आणि ती डबी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिसरे, आपल्यापैकी जे कंत्राटदार आहेत, बांधकाम करतात, ट्रक भाड्याने लावतात, त्यांनी देखभालीचा दिवस हिशेबात धरावा. काकांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, ते तुमच्याकडे आहे. चौथे, धूर सोडणारा ट्रक दिसला तर त्याचा क्रमांक, जागा आणि वेळ लिहून कळवा. आणि तो ट्रक आपल्या नात्यातल्याचा निघाला, तर आम्हाला "जरा सांभाळून घ्या" असा फोन करू नका. असे फोन येतात, आणि या सभागृहातूनही आले आहेत. हसू नका, खरे सांगतो.

मालपेच्या चढावरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या आईने ओढणी दाबली, तिच्या हातात तेवढेच होते. आमच्या हातात नियम होता. पुढच्या वेळी कुणी आम्हाला कागद दाखवला तर आम्ही कागदही पाहू आणि मागे उभ्या असलेल्या स्कूटरकडेही पाहू. तुम्हीही तसेच पाहावे एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!