जुन्या ट्रॅक्टरची रंगरंगोटी : थोड्या खर्चात, थोड्या साधनांत

(मंचेरियल येथे मराठी भाषक शेतकरी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. ज्यांच्या तळहाताला ग्रीसचा वास कायमचा चिकटलेला आहे, अशा मंडळींपुढे ट्रॅक्टरविषयी बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न येथे येताना माझ्याही मनात होता. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्यास कारण आहे. ते थोड्या वेळाने सांगेन.

मंचेरियल हे गाव आपणा मराठी मंडळींना परके नाही. आज हा स्वतंत्र जिल्हा असला, तरी २०१६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होण्यापूर्वी राजुरा व किनवट हे तालुकेदेखील त्याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असत. सीमारेषा बदलल्या, पण सोयरिकी आणि बाजारहाट बदलले नाहीत. प्राणहितेवर पूल झाल्यापासून सिरोंच्याकडचे शेतकरी चेन्नूरमार्गे सुटे भाग घेण्यास येथेच येतात. बाजारात रंग मागताना भाषेची अडचण पडत नाही, कारण तेलुगूतही रंगास ‘रंगू’च म्हणतात. अडचण पडते ती गंजाची. तेलुगूत गंजाला ‘तुप्पू’ म्हणतात. आमच्याकडील एक गृहस्थ दुकानात उभे असता, दुकानदाराने त्यांच्या मडगार्डकडे बोट दाखवून ‘तुप्पू, तुप्पू’ म्हटले. ह्यांना वाटले, तो तूप लावावयास सांगतो आहे. हसू नका, त्या बिचाऱ्याने खरोखरच घरी जाऊन विचार केला होता!

आता समोरच्या ट्रॅक्टरकडे पाहावे. हा एच.एम.टी.चा ट्रॅक्टर आहे. हरियाणातील पिंजोरच्या कारखान्यात १९७१ सालापासून हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले, आणि २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. म्हणजे ह्या यंत्राचा नवा भाऊ आता जन्मास येणार नाही. ह्याचे बॉनेट गंजून चाळणी झाले, तर जुन्या बाजारात शोधत फिरणे आले. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. आपले आजचे यजमान म्हणतात, ‘साहेब, नव्याचे कर्ज मला झेपणारे नाही. हाच आणखी दहा वर्षे चालला पाहिजे.’ असे म्हणणारे ह्या सभेत ते एकटेच नसावेत.

माझ्या मामांनीही एकदा असाच हिशेब केला होता. त्यांनी एका बाजाराच्या गावी, जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून एक ट्रॅक्टर घेतला. गाव व विक्रेता यांची नावे मी घेत नाही. ट्रॅक्टर असा चकचकीत होता, की मामींनी त्याला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. पहिल्याच हंगामात कापसाने भरलेली ट्रॉली नाल्याच्या चढणीवर ओढत असताना मागचा ड्रॉबार तुटला. ट्रॉली उलटी घरंगळत गेली. मागून चालत येणाऱ्या माझ्या मामेभावाचा पाय चाकाखाली सापडला. पाय वाचला, परंतु तो आजही लंगडतो. तुटलेला तुकडा मी स्वतः हातात घेऊन पाहिला. तडा ताजा नव्हता. आतली कड काळपट, तांबेरलेली होती. कोणीतरी त्यात लांबी भरून, वर रंगाचे दोन हात देऊन तो बुजवला होता.

तेव्हापासून रंगवलेला जुना ट्रॅक्टर दिसला, की मी आधी मागे जाऊन पाहतो. हा विषय मागून घेण्याचे कारण हेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. हळद आणि लोणी लावून खांदा मळताना वर्षभरात जुवाने कोठे घट्टा पडला, कोठे कातडे सोलले, हे डोळ्यांआधी हाताला कळते. दुसऱ्या दिवशी हिंगूळ लावावयाचा, तोही शिंगे साळून, घासून झाल्यावर. ट्रॅक्टरच्या रंगकामात हाच क्रम आहे. दहा दिवसांचे काम असेल, तर आठ दिवस धुण्या-घासण्याचे आणि दोन दिवस रंगाचे. कमी खर्चात काम करू पाहणाऱ्यास ही गोष्ट सोयीची आहे, कारण घासण्यास पैसा लागत नाही, अंगमेहनत लागते.

प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. साचलेले वंगण व चिखल लाकडी फळीने किंवा बोथट खुरपीने खरवडून काढावा. मग डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसून घ्यावे, आणि कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशाने धुवावे. शेवटी साधे पाणी भरपूर वापरावे. सोड्याचा अंश राहिला तर त्यावर रंग धरत नाही, आणि वंगणाचा राहिला तर मुळीच धरत नाही. एअर क्लीनरचे तोंड, सायलेन्सरचे तोंड आणि डायनामो हे आधी प्लॅस्टिकने बांधून ठेवावेत. कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह टाळावा. तो हाताची कातडी जाळतो आणि ॲल्युमिनियमचे भाग खातो. धुऊन झाल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यावे. ह्या भागात कोळसा खाणींची काळी धूळ पत्र्यावर सतत बसते, म्हणून रंगापूर्वी पुन्हा एकदा ओल्या व मग कोरड्या फडक्याने पुसून घेणे अगत्याचे आहे.

त्यानंतर घासकाम. पोपडे धरलेला रंग आणि गंज तारेच्या ब्रशाने लोखंड दिसेपर्यंत काढावा. जेथे जुना रंग घट्ट बसलेला आहे तेथे तो सोलून काढण्याची गरज नाही. पॉलिश पेपरने त्याची चकाकी मारली म्हणजे पुरे. आधी ८० किंवा १२० नंबरचा, मग २२० नंबरचा कागद घ्यावा. येथे एक सूचना मी आग्रहपूर्वक करतो. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्या देशात २०१६ साली झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ट्रॅक्टरवरचा जुना रंग त्या नियमांखालचा नव्हे. म्हणून पॉलिश पेपर ओला करून घासावे, नाका-तोंडास मास्क बांधावा, खरवडलेला भुगा गोळा करून बाजूस ठेवावा आणि लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. अंगणात कोंबड्या टिपत फिरतात, त्यांनाही हाकलावे.

आणि घासता घासता पाहावे. ड्रॉबार, तीन टेकूंची जोडणी, पुढील आसाचे कान, मडगार्डचे ब्रॅकेट, चाकांच्या रिमवरील नटांची भोके, ह्या जागा डोळ्याजवळ कंदील किंवा बॅटरी धरून तपासाव्यात. गंजाची बारीक रेघ सरळ धावत असेल, तर ती बहुधा तड्याची असते. तेथे डिझेलचा थेंब सोडून पुसावे व वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास थोड्याच वेळात पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. परवा ह्याच ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डच्या ब्रॅकेटवर अशी रेघ उमटली. यजमानांचा चेहरा उतरला होता. पण मडगार्डवर माणसे बसवून नेण्याची आपली सवय लक्षात घेता, ती रेघ तेथे दिसली हे बरेच झाले. काल ते वेल्डिंग करून घेतले. जो भाग ओढण्याचे काम करतो, त्याला मात्र गावातल्या वेल्डिंगवर सोडू नये, तो बदलावा. आणि जोडणीच्या कोणत्याही भागावर लांबी भरू नये. तेथे रंगाचा एक पातळ हात पुरेसा आहे, म्हणजे पुढे तडा गेला तर दिसेल.

लोखंड उघडे पडले की त्याच दिवशी त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर दव पडले, तर सकाळी पुन्हा तांबूस झाक येते. बॉनेटचे पोचे आतून लाकडी हातोड्याने काढावेत. उरलेल्या खळग्यात लांबी पातळ थरांनी भरावी, प्रत्येक थर वाळू द्यावा. सगळेच पोचे भरण्याचा हट्ट नको. शेतात राबलेल्या यंत्राला चार वण असले तर बिघडले कोठे?

आता रंग कोणता घ्यावा? मोटारगॅरेजवाले एन.सी. रंग सुचवतात. तो मिनिटांत वाळतो व सुरेख चमकतो. परंतु त्यास स्प्रेगन व कॉम्प्रेसर लागतो, बराच रंग हवेत उडून जातो आणि त्याचे थिनर ठिणगीसरशी पेट घेते. शिवाय जुन्या ऑइल पेंटवर तो मारल्यास खालचा रंग फुगून सुरकुत्या पडतात. दुसरा आहे दोन डब्यांचा पी.यू. रंग. तो टिकाऊ खरा. पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांस घातक असते, आणि साध्या मास्कने ती अडत नाही. अंगणात तो फवारू नये. आपल्यासाठी सिंथेटिक एनॅमल, म्हणजे ज्यास आपण ऑइल पेंट म्हणतो, तोच योग्य. तो ब्रशाने लावता येतो, टर्पेंटाइनने पातळ होतो आणि तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

किती घ्यावा, हा प्रश्न शिक्षक मित्रांनी शाळेत न्यावा. नीट घासलेल्या पत्र्यावर एक लिटर रंग एका हाताला साधारणतः दहा चौरस मीटर पुरतो. मुलांना बॉनेट, मडगार्ड व रिम यांची मापे घेऊ द्यावीत. क्षेत्रफळाचे गणित फळ्यापेक्षा मडगार्डवर लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

वेळ निवडणे हेही साधनच आहे. पावसाळ्यात रंग वाळत नाही व निस्तेज होतो. वैशाखात येथला पत्रा सकाळी नऊलाच तापतो, रंग पसरण्याआधी आटतो आणि ब्रशाच्या रेघा तशाच राहतात. कापसाची वेचणी आटोपल्यावरचे, हे पौष-माघाचे दिवस उत्तम. दव वाळल्यावर काम सुरू करावे आणि दिवेलागणीपूर्वी थांबावे, नाही तर किडे येऊन ओल्या रंगात बसतात. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. डबा उघडल्यावर वरची साय काढून टाकावी व रंग जुन्या मऊ कापडातून गाळून घ्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. जाड हाताला ओघळ येतात. पहिला हात रात्रभर वाळल्यावर ४०० नंबरचा कागद हलकेच फिरवून मगच दुसरा द्यावा.

काय रंगवू नये, हेही सांगितले पाहिजे. रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांवर रंग साचला तर उष्णता बाहेर पडत नाही. पट्टे, रबरी नळ्या, टायर व वायरींची जोडणी वगळावी. ग्रीसच्या निपलवर आधीच ग्रीसचा बोळा ठेवावा, म्हणजे त्यावर पडलेला रंग पुसता येतो. सायलेन्सरवर साधा रंग जळून जातो. त्यास उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग वेगळा मिळतो. इंजिन व चासी क्रमांक बुजवू नयेत. नोंदणी-पुस्तिकेत रंग नमूद असतो. म्हणून तांबडा बदलून निळा करण्याची हौस असेल, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ट्रॉलीमागील दिवे व लाल परावर्तक यांवर चुकूनही ब्रश फिरवू नये. पडले असतील तर ह्याच वेळी नवे लावून घ्यावेत. अंधारात रस्त्याकडेला उभी केलेली बिनदिव्याची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

रंगाने व टर्पेंटाइनने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या दोरीवर सुट्या वाळत घालाव्यात. उरलेले थिनर विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. विडी ओढणाऱ्यांनी कृपया रस्त्यापलीकडे जावे. ही विनंती मी सभेतील सर्वांनाच करतो, माझ्या कार्यालयातील दोघांना विशेष.

रेड ऑक्साइड काल दुपारी दिला आहे. आता तो नखाला लागत नाही. रंग गाळून ठेवला आहे. ब्रश तीन आहेत, दोन तीन इंची आणि एक एक इंची. नवे ब्रश रात्रभर टर्पेंटाइनमध्ये ठेवून, सुटे केस खडबडीत फळीवर ओढून काढले आहेत. ज्यांच्या हाताला सवय आहे त्यांनी बॉनेट घ्यावे. शिक्षक मंडळींनी रिमपासून सुरुवात करावी, तेथे ओघळ आला तरी चालतो. ड्रॉबार मी स्वतः रंगवणार आहे.