दोन अपिलं, एक आई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या सातारा-सांगली भागातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी पुन्हा पुन्हा येते. 'शेतीच्या वादातून भावाचा खून.' पुढे काही वर्षांनी 'जन्मठेप' एवढा शब्द छापून येतो आणि आपण पान उलटतो. त्या घरातली गोष्ट मात्र तिथे संपत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी साताऱ्याहून मुंबईला जाताना एस.टी.त एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या पिशवीत निकालपत्राची नक्कल होती. "शिकलेला दिसतोस. एवढं वाचून सांग," म्हणाली. मग नाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाली, "मुलाण्याचा व्हय? आमच्या शेजारीच घर हाय त्येंचं," आणि पिशवी माझ्या हातात दिली.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, कायद्याचं नाही. पण वाचत गेलो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाने धाकट्याला मारलं होतं. थोरल्याला जन्मठेप झाली होती, थोरल्याचा मुलगा निर्दोष सुटला होता. एका साक्षीदाराच्या नावापाशी मी थांबलो. ते नाव तिचंच होतं.

"व्हय, म्याच सांगितलं. डोळ्यानं बघितलं ते सांगितलं. आता वकील बी म्याच बघणार. थोरल्याचं अपील करायचं हाय. त्यो बी माझाच की." जरा थांबून म्हणाली, "धाकटी सून म्हनती, त्येच्या पोराला सोडलं, त्येच्यावर अपील कर, अंगठा दे."

श्रोतेहो, कायद्याने या दोन्ही वाटा खुल्या आहेत. जन्मठेप झालेल्याला उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस मिळतात. तुरुंगातूनही अर्ज देता येतो आणि १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळू शकतो. दुसरीकडे, ३१ डिसेंबर २००९पासून निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितालाही मिळाला आणि १ जुलै २०२४ला आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तो कायम ठेवला. पीडित म्हणजे मेलेल्याचा वारसही. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको-मुलांबरोबर आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे मारणाऱ्याची आई आणि मेलेल्याची वारस, दोन्ही तीच.

त्याच कायद्याचं २५वं कलम सांगतं, की खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही. शरियतही तेच म्हणते. ही साधी गोष्ट कुऱ्हाड उचलण्याआधी कुणाच्या ध्यानात येत नाही.

घरच्या माणसाची साक्ष कशी मानायची, असं आरोपीचे वकील विचारतात. सर्वोच्च न्यायालयात १९५३ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी याचं उत्तर दिलं. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला पाठीशी घालून निरपराध्याला सहसा गोवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण साक्षीदाराला दोन्हीकडचं रक्त सारखंच जवळचं असेल, तर तिच्या जिवाचं काय होतं, हे कुठल्या निकालात लिहिणार?

१८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याखाली आले. आता अशा म्हाताऱ्यांना मुंबई गाठावी लागत नाही, हे फार बरं झालं. त्याहून बरं होईल ते वेळेवर वाटणी करून. तहसीलदाराकडे खातेफोड, जमिनीची सरकारी मोजणी आणि विहिरीच्या पाळ्या, सगळं कागदावर आणा. भाऊ एका पंगतीला जेवत असतानाच आणा.

पनवेल मागे पडल्यावर म्हातारीने विचारलं, "थितलं साहेब मला समोर बोलवून इचारतील न्हवं?"

मी म्हणालो, "नाही आजी. सहसा बोलवत नाहीत. खालच्या कोर्टात तुम्ही जे बोललात, ते कागदावर आहे. तेच वाचतात."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांगताना म्या रडत हुते. ते लिवलंय का?"

साक्षीदाराचं वागणं नोंदवून ठेवायचा अधिकार न्यायाधीशांना असतो. मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.