दाराशी आलेला राक्षस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला ‘साहित्यातले राक्षस’. घरी सांगितले तेव्हा हशाच पिकला. नातू म्हणाला, “आजी, पहिले नाव गणिताचे घे!” मी काही विदुषी नाही. घरकाम आटोपल्यावर दुपारी पोथी किंवा पुस्तक घेऊन बसणारी एक बाई आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता माझे चार शब्द गोड मानून घ्या.

राक्षस शोधायला आपल्याला खानदेशाबाहेर जायला नको. एरंडोलला लोक एकचक्रानगरी म्हणतात, आणि जवळच्या पद्मालयाला भीमाने बकासुराला मारले असे सांगतात. गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस असा त्याचा कर. ब्राह्मणाच्या घरी पाळी आली तेव्हा त्या घरातले रडणे कुंतीने ऐकले आणि आपल्या मुलाला पाठवायचे तिनेच ठरवले. भीम गेला, आधी ते अन्न खाल्ले, मग बकाला मारले. गाव सुटले. या गोष्टीत मनाला टोचणी लागत नाही. बकासुर बालपणी कसा होता, त्याला कधी रडू आले का, असे आपण विचारीत नाही. राक्षस गावाबाहेर, आपण गावात, मध्ये वेस. हिशेब सरळ आहे.

पण खानदेशात दुसराही एक आहे, आणि त्याचा हिशेब सरळ नाही. सातपुड्यात अस्तंबा नावाचा उंच डोंगर आहे. पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता, 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडे गेला. दिवाळीच्या दिवसांत हजारो माणसे तो डोंगर चढतात, कारण तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो तेल मागत फिरतो, असे म्हणतात. माझी आजी तिन्हीसांजेला तेल-मीठ घराबाहेर देत नसे. पण या एका बाबतीत तिचा नियम मोडे. ती मला बजावी, “तेल मांगाले कोनी उना तर नही म्हनू नको.” लहानपणी मला त्याची भीती वाटे. पुढे मूळ कथा वाचली आणि भीतीच्या जागी दुसरेच काही आले.

द्रोणाचार्य गरीब होते. घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून हा लहानगा रडू लागला. सोबतच्या पोरांनी पिठात पाणी कालवून दिले, आणि दूध मिळाले म्हणून तो आनंदाने नाचला. ती पोरे त्याला हसली. आपल्यापैकी ज्यांनी लेकराला तांदळाच्या पिठाची पेज दूध म्हणून पाजली असेल, त्यांना या प्रसंगाचा अर्थ मी सांगायला नको.

हाच मुलगा मोठा होऊन काय करतो? युद्ध संपले आहे, कपटाने बाप मारला गेला आहे. रात्री वडाखाली तो जागा पडून राहतो. एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसते, आणि तेच आपण करावे असे त्याच्या मनात येते. कृपाचार्य त्याचे मामा. ते म्हणतात, आज झोप, उद्या धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू. तो म्हणतो, ज्याचे काळीज जळते आहे त्याला झोप कसली? आपण करतो ते पाप आहे हे त्याला कळते. त्यापायी किड्याचा जन्म आला तरी चालेल, असे तो स्वतःच म्हणतो. आणि तरीही जातो. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही पुत्र झोपेत मारले जातात. बकासुराच्या मनात असली रात्र कधी झाली नाही. म्हणूनच अश्वत्थामा मला अधिक भयंकर वाटतो. तो आपल्यासारखा आहे.

पुढे त्याच्या मस्तकावरचा मणी गेला आणि शाप मिळाला. तीन हजार वर्षे रानावनात एकटे फिरायचे, अंगाला रक्ता-पुवाची दुर्गंधी, आणि बोलायला कोणीही नाही. भगिनींनो, या शिक्षेत मरण नाही. कोणी जवळ करू नये, हीच शिक्षा आहे.

आता एक विलायती गोष्ट सांगते. 1818 साली लंडनला ‘फ्रँकेन्स्टाईन’ नावाची कादंबरी निघाली. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचे नाव नव्हते. ती लिहिणारी मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि लिहायला बसली तेव्हा अवघी अठरा. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती, आणि तिचे स्वतःचे पहिले मूलही हाती लागले नव्हते. तिच्या कथेत एक विद्वान तरुण मृत शरीरांचे तुकडे जोडून एक प्राणी जिवंत करतो, आणि त्याचे रूप पाहताच त्याला टाकून पळून जातो. पुष्कळ लोक त्या प्राण्यालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणतात, पण ते नाव त्याच्या निर्मात्याचे. त्या बिचाऱ्याचे बारसेच झालेले नाही!

तो प्राणी एका झोपडीशेजारी लपून राहतो, भिंतीच्या फटीतून एक कुटुंब पाहतो आणि त्यांचे ऐकून बोलायला शिकतो. धीर करून एकदा आत जातो. घरात फक्त आंधळा म्हातारा असतो. तो त्याच्याशी माणसासारखा बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाही. तेवढ्यात डोळस मुले येतात आणि त्याला मारून हाकलतात. त्यानंतर तो खरोखर राक्षस होतो आणि निरपराधांचे बळी घेतो. त्याचे खून खूनच आहेत, जसे अश्वत्थाम्याचे पाप पापच आहे. ते धुऊन काढायला मी उभी नाही. पण दार कोणी लावले, हेही लेखिकेने लिहून ठेवले आहे.

आता मला माझ्या दाराबद्दल बोलायचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक बाई राहत असे. नवरा गेलेला, एकुलते मूलही गेलेले. तिची नजर वाईट, असे बायका कुजबुजत. माझ्या धाकट्याच्या बारशाला ती बिनबोलावता आली. हाताने शिवलेले झबले तिने आणले होते. मी ओट्यावरच ते घेतले, आणि बाळ झोपले आहे म्हणून सांगितले. बाळ आत रडत होते. ते तिलाही ऐकू येत होते. ती काही बोलली नाही, पायरी उतरून गेली. झबले मी बाळाला कधी घातले नाही. पुढे ती गाव सोडून गेली. तिच्या नजरेत काही वाईट नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असून मी दार लावले. वडाखालच्या त्या रात्रीची गोष्ट मी वाचते, तेव्हा मला हा ओटा आठवतो.

सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आपण शहरातल्या बायका हळहळतो. त्याविरुद्ध 2013 साली कायदा झाला, ते उत्तम झाले. पण ओट्यावरून परत पाठवलेल्या बाईसाठी कोणता कायदा लावणार? तिथे बहिणाबाईच उपयोगी पडतात. जळगावच्या या शेतकरीण बाईला अक्षर लिहिता येत नव्हते, तिशीत वैधव्य आले, आणि 1951 साली ती गेली. तिने मनाला पिकात घुसणाऱ्या जनावराची उपमा दिली. असे जनावर एकदा हाकलून भागत नाही, रोज राखण करावी लागते.

भागवतात द्रौपदीची एक गोष्ट आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून तिच्यापुढे आणतो. पाच मुलांची प्रेते पाहिलेली ती माता म्हणते, सोडा याला, माझ्यासारखे याच्या आईने रडू नये. अपराध ती विसरलेली नाही. पण त्याच्यामागे उभी असलेली कृपी तिला दिसली.

म्हणून मंडळापुढे एकच मागणे ठेवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या साऱ्या बायकांना बोलवावे. जिचा नवरा गेला तिला, जिला मूल नाही तिला, जिच्याशी आपण बोलत नाही तिलाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने 2022 साली विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपण ठराव नको, आमंत्रण करू. घरोघर जाऊन बोलावण्याचे काम मी घेते.

आजीने तेल द्यायला सांगितले होते. मी झबले घेऊन दार लावले. आता जी पायरी चढेल, तिला आत बसवीन, एवढे या सभेत कबूल करते आणि आपली रजा घेते.