उघडी वही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते विद्यार्थ्यांच्या सहकारी भांडाराचा जमाखर्च दर शनिवारी फळ्यावर मांडत. भांडवल ते काय, वह्या आणि पेन्सिली! तरी दोन पैशांची चूक कोणी दाखवली, तर गुरुजी त्या मुलाची पाठ थोपटत.

आज गृहनिर्माण संस्थांच्या कायद्याविषयी बोलताना मला तो फळा आठवतो. साहित्याच्या प्राध्यापकाने या विषयात शिरावे कशासाठी, याचे उत्तर शेवटी देतो.

आपल्या वडोदऱ्याला सहकार नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ येथे १८८९ साली निघाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ साली. विश्वास आधी, कायदा मागून. परंतु केवळ विश्वासावर घर उभे राहत नाही, आणि केवळ कायद्याच्या अक्षरावरही नाही.

महाराष्ट्राचा दाखला घ्या. इमारत व जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बिल्डरवर घातले. कसुरीला शिक्षाही सांगितली. तरीही असंख्य संस्थांच्या पायाखालची जमीन बिल्डरच्याच नावावर राहिली. मानीव अभिहस्तांतरणाचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला मिळाला, तो २००८ च्या दुरुस्तीने. कर्तव्य लिहिले गेले; ते बजावून घेणारा हात यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

हा हात कोणाचा? २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी देशभर समान चौकट घातली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो भाग घटनाबाह्य ठरवला. किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये राज्यांतर्गत संस्थांपुरता तो रद्द केला. सहकार हा राज्याचा विषय. तेव्हा अंमलबजावणीची जबाबदारीही राज्याचीच.

आता ते उत्तर. मी आमच्या सोसायटीचा मानद चिटणीस असताना एका वृद्ध, एकट्या राहणाऱ्या सभासद भगिनींनी दुरुस्ती निधीचा हिशेब मागितला. पैसा कोणी खाल्ला नव्हता. पण मला तो माझ्यावरील अविश्वास वाटला. ‘पुढच्या सभेत पाहू’ असे म्हणत मी त्यांना सात महिने टोलवले. अखेर त्यांच्या अर्जावरून निबंधकांची नोटीस आली, तेव्हा वह्या उघडल्या. त्यांची वर्गणी दोनदा आकारलेली निघाली. रक्कम परत करताना त्या एवढेच म्हणाल्या, “सर, पहिल्याच दिवशी वही दाखवली असती, तर?”

नोटीस यावी लागली, हे माझे अपयश. ती आली, हे कायद्याचे यश. बहुमत स्वतःची काळजी घेते. एकट्या सभासदाची काळजी राज्याने घ्यावी लागते.

आपल्यापैकी पुष्कळ जण आज अशा संस्थांचे पदाधिकारी आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की वही मागणाऱ्यासमोर ती मिटू नये. गुरुजींनी जमाखर्च मांडला, तो सर्वांना दिसेल अशा फळ्यावर. आम्ही तो वाचला. शिकायला मात्र मला फार उशीर झाला.