मताचा खरा दिवस

(कांदिवली येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मतदानाचा आहे. मत कोणास द्यावे हे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मताचा हक्क आपल्या हाती प्रत्यक्ष येतो कसा आणि आपल्या नकळत तो हातातून निसटतो कसा, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे. कायद्याचा अभ्यास ज्याने केला त्याने तो आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असे मी मानतो.

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. तिच्या आधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली होती. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी असे संविधान सांगते. तरीही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे या शहरात नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या संस्थेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा, त्या संस्थेत आपल्या गल्लीतील नळाविषयी, गटाराविषयी, सार्वजनिक शौचालयाविषयी सभागृहात उभा राहून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. मताची किंमत काय, हे या चार वर्षांनी आपणांस शिकविले आहे.

आपण विचाराल, निवडणूक तर होऊन गेली. आता मतदानाची तयारी कशाची? माझे उत्तर असे की, तयारीचा काळ हाच आहे. पालिकेच्या निवडणुकीसाठी मतदारांची वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची जी मतदार यादी असते, तीच एका ठरावीक तारखेची घेतली जाते आणि प्रभागाप्रमाणे तिची फोड केली जाते. ती तारीख राज्य निवडणूक आयोग ठरवितो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ही तारीख ठरली होती. ज्या मुलाचे नाव त्यानंतर यादीत आले, त्याच्या हाती मतदाराचे ओळखपत्र असूनही त्यास मत देता आले नाही. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती मागविल्या जातात हे खरे. पण त्या वेळी चुकीच्या प्रभागात गेलेले नाव योग्य प्रभागात आणता येते, लेखनिकाची चूक दुरुस्त होते. विधानसभेच्या यादीत मुळातच नसलेले नाव तेथे नव्याने घातले जात नाही. म्हणजे मताचा खरा दिवस १५ जानेवारी नव्हता. तो साडेसहा महिने आधीच येऊन गेला होता, आणि त्या दिवशी ना ढोल वाजला, ना कोणी दार ठोठावले.

हा हक्क आपणांस सहज मिळालेला नाही. एके काळी या शहरात घरपट्टी किती आणि भाडे किती यावर मताचा हक्क ठरत असे. ज्याच्यापाशी घर नाही, त्याच्यापाशी मत नाही, असा तो न्याय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या मताधिकाराचा व प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला, आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. आपली कांदिवली तर त्या वेळी महापालिकेच्या हद्दीतच नव्हती. १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा ती आत आली. पुढे दोनच वर्षांनी, १९५९ साली, आंबेडकरी चळवळीतील पी. टी. बोराळे या शहराचे महापौर झाले. मताधिकार माणसास कोठवर नेऊ शकतो, याचे हे उदाहरण आपल्या मुलांना माहीत असावे.

त्याच काळातील दुसरे उदाहरणही माहीत असावे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून उभे होते. तो द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदारास दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नव्हती. बाबासाहेबांचा पराभव सुमारे साडेचौदा हजार मतांनी झाला. त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतांची संख्या सत्तर हजारांहून अधिक होती. ती सारी मते त्यांचीच होती असे मी म्हणणार नाही. कायद्याच्या माणसाने पुराव्यापलीकडे बोलू नये. परंतु पराभवाच्या अंतराच्या कित्येक पट मते मोजणीतूनच बाहेर पडली, एवढे तर आकडेच सांगतात. मत देण्याची रीत नीट न कळणे हीसुद्धा हानी आहे. आजही ही गोष्ट जुनी झालेली नाही. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो, म्हणून आपणांस एकच मत आहे. परंतु ठाणे, कल्याण येथील आपल्या नातलगांच्या प्रभागांत बहुधा चार जागा असतात आणि तेथे प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते. एक बटण दाबून निघून आलेल्या माणसाचे मतदान पूर्ण होत नाही. हे त्यांना आपण सांगावे.

आता आपल्या घरांचा विचार करू. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक भीती मी वारंवार ऐकतो, की धर्म बदलला म्हणून यादीतील नाव जाईल. ही भीती निराधार आहे. मतदार यादीत धर्माचा रकाना नाही, जातीचाही नाही. तेथे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग अशी नोंद असते. मात्र दीक्षेनंतर ज्यांनी आडनाव अथवा नाव बदलले, त्यांनी राजपत्रात प्रसिद्धी करून सर्व कागदांवर ते एकसारखे करून घ्यावे आणि यादीतील दुरुस्तीसाठी नमुना क्रमांक ८ भरावा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि यादीत तिसरे, अशी स्थिती राहिली की केंद्रावर अडवणाऱ्यास निमित्त मिळते.

दुसरा गैरसमज राखीव प्रभागांविषयीचा. मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी १५ प्रभाग २०२६ च्या निवडणुकीत अनुसूचित जातींसाठी राखीव होते. तेथे उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो. मत मात्र प्रभागातील सर्वांना असते. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा तो दर्जा कायम राहतो. जातीचा दाखला व पडताळणी असेल तर तिला राखीव जागेवर उभे राहता येते. आपल्या तरुण मुलामुलींनी केवळ मत देण्यावर समाधान मानू नये, म्हणून हे सांगितले.

तिसरा प्रश्न घराचा. ‘आमची झोपडी अनधिकृत, आमच्यापाशी मालकीचा कागद नाही, आमचे नाव कसे लागेल?’ असे कित्येक भगिनी विचारतात. कायदा मालकी विचारीत नाही. आपण तेथे सामान्यतः राहता की नाही, एवढेच तो विचारतो. उलट, केवळ घराची मालकी आहे म्हणून तेथे मतदार होता येत नाही, असेही तोच कायदा सांगतो. पत्त्यासाठी आधार, विजेचे देयक, बँकेचे अथवा टपाल खात्याचे पुस्तक चालते. ते आईबापांच्या वा पतीच्या नावाचे असले तरी चालते. यांपैकी काहीच नसेल तर प्रत्यक्ष जागेवर चौकशी करून नोंद करता येते. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचीही नोंद होते. अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तेथे झोपतो याची खात्री करावयाची असते.

हे मी कांदिवलीत मुद्दाम सांगत आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी येथील दामू नगरास आग लागली, गॅसचे सिलिंडर फुटले, आणि शेकडो कुटुंबांचे संसार जळाले. त्या आगीत कपडे व भांडी गेली तशी रेशनकार्डे, शाळेचे दाखले, ओळखपत्रेही गेली. कागद जळाला म्हणून हक्क जळत नाही. यादीत नाव असेल तर ओळखपत्राची दुसरी प्रत मिळते. त्यासाठीही नमुना क्रमांक ८ च आहे. परंतु यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कोठेतरी लिहून ठेवला असेल तर काम सोपे जाते. ज्यांची घरे ताडपत्रीची, पत्र्याची, त्यांनी आपल्या कागदांची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे अथवा विहारात ठेवावी.

चौथी गोष्ट नाव वगळण्याची. यादीतील नाव कोणासही मनमानीने काढता येत नाही. मतदारास नोटीस द्यावी लागते आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागते. दिल्ली व मुंबईतील वस्त्यांमधून उद्भवलेल्या लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हेच सांगितले, की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाजूने अनुमान धरले पाहिजे आणि नाव काढण्यापूर्वी त्यास पुरती संधी दिली पाहिजे. म्हणून नोटीस आली तर ती घाबरून फेकून देऊ नका. तारीख पाहा, हजर राहा, जे द्याल त्याची पोच घ्या. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि त्यांच्याही निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाता येते.

हक्क मागणाऱ्याने आपलीही बाजू स्वच्छ ठेवली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईची प्रारूप यादी आली तेव्हा तीत सुमारे अकरा लाख दुबार नोंदी आढळल्या. अशी बरीच नावे घर बदलल्याने, लग्नाने, गावाकडील नाव तसेच राहिल्याने दुबार होतात. गावच्या यादीत एक आणि कांदिवलीच्या यादीत एक, अशी दोन नावे ठेवणे कायद्यास मंजूर नाही, आणि खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. जेथे राहता, जेथले पाणी पिता, तेथलेच मत ठेवा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेराहून सासरी आणावयाचे तर त्यासही नमुना क्रमांक ८ पुरतो. पुष्कळ घरांत हे काम राहून जाते, आणि त्या भगिनीचे मत ना इकडचे ना तिकडचे होते. कुटुंबप्रमुखाने आपले स्वतःचे नाव पाहण्याआधी घरातील सुनेचे नाव पाहावे.

मतदानाच्या दिवसाविषयी थोडेच सांगतो. ओळखपत्र हाती आहे म्हणून मत मिळत नाही. यादीत नाव असावे लागते. नाव असेल आणि ओळखपत्र नसेल, तर आधार, पारपत्र, वाहन परवाना यांसारखे दुसरे छायाचित्र असलेले पुरावे आयोग मान्य करतो. आपल्या नावे दुसऱ्याच कोणी मत देऊन गेले असेल तर भांडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा, ती मिळण्याचा आपणांस हक्क आहे. आणि पाकिटाविषयी. मतासाठी पैसा देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. भारतीय न्याय संहितेचे १७० वे कलम दोघांनाही एकाच मापाने मोजते. भूक लागलेल्या माणसास उपदेश करणे सोपे असते हे मी जाणतो. तरी हिशेब करा. घेतलेले पैसे चार दिवसांत संपतात. तुंबलेले गटार पाच वर्षे दाराशी राहते, आणि त्याविषयी विचारावयास गेलात की, ‘तुमचा हिशेब झाला आहे’ असे ऐकावे लागते.

आता कामाचे बोलतो. प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. तीस घरांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी, शक्यतो शिकलेली मुलगी. वहीत घर, घरातील प्रौढ माणसे, यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक, नावातील चूक, गेलेली माणसे, आलेल्या सुना आणि सतरा वर्षे पूर्ण झालेली मुले, एवढे लिहावे. सतरा पूर्ण झाले की नमुना क्रमांक ६ आगाऊ भरता येतो. वयाची अठरा वर्षे मोजण्यासाठी वर्षात आता चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. या चार तारखांच्या आधीच्या रविवारी विहारात बसून वही यादीशी ताडून पाहावी. कांदिवलीची घरे कांदिवली पूर्व, चारकोप, मागाठाणे अशा निरनिराळ्या विधानसभा मतदारसंघांत विभागली आहेत. एका रस्त्याच्या दोन बाजू दोन याद्यांत असू शकतात. म्हणून शेजाऱ्याचे नाव पाहून आपले गृहीत धरू नये. जो वाचू शकतो त्याने जो वाचू शकत नाही त्याचे नाव शोधून द्यावे, आणि हे करताना मत कोणास देणार हे विचारू नये. वही बौद्धांच्या घरांपुरतीच ठेवू नका. शेजारचा मुसलमान, उत्तरेकडून आलेला मजूर, आदिवासी पाड्यावरील भगिनी, यांचीही नावे त्याच वहीत येऊ द्या. एकट्याचे नाव गाळले जाते तेव्हा कोणास कळत नाही. वहीतील नाव गळाले तर तीस घरे विचारावयास येतात.

हे काम लहान आहे. त्यात भाषण नाही, हार नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. परंतु पुढील निवडणुकीची तारीख जाहीर होईल तेव्हा यादीची तारीख मागे पडलेली असेल. त्या वेळी धावणाऱ्यास काही मिळणार नाही. आज आपल्यापैकी ज्यांचे मूल तेरा-चौदा वर्षांचे आहे, त्यांनी घरी गेल्यावर त्याच्या जन्माच्या दाखल्यावरील नाव आणि तारीख बरोबर आहे का, एवढे पाहावे. त्या मुलाचे पहिले मत त्या कागदापासून सुरू होते.

जय भीम.