लावदिकीयाचे दार

गर्विष्ठ म्हटले की मिशीला पीळ देणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ख्रिस्ती शिकवणीला ज्या गर्वाचे अधिक भय वाटते, तो मात्र नीटनेटका असतो, वेळेवर उपासनेला येतो आणि दशांशही देतो. त्याला ओळखायचे तर लावदिकीयाला जावे लागेल.

आजच्या तुर्कस्तानात, देनिझ्लीजवळ या शहराचे अवशेष आहेत. पहिल्या शतकात येथे पैशाची मोठी उलाढाल चाले, येथल्या काळ्याभोर लोकरीचे नाव होते, जवळच वैद्यकशाळा होती. इ.स. 60 मध्ये भूकंपाने शहर कोसळले. रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. मला याचे कौतुकच वाटते. आपले घर आपण बांधावे. पण संकटात कोणापुढे हात न पसरण्याची सवय हळूहळू देवाच्या दारापर्यंत येते, आणि तिथे ती घात करते.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रे आहेत. लावदिकीयाच्या पत्रात कौतुकाचा एक शब्द नाही. खोट्या शिकवणीचा किंवा व्यभिचाराचा आरोपही नाही. ती कोमट आहे आणि तिला आपल्यात काही उणे वाटत नाही, हा ठपका. उलट स्मुर्णाची मंडळी गरीब, छळाने गांजलेली, आणि तिलाच धनवान म्हटले आहे. ज्या गावात सावकार, लोकरीचे व्यापारी आणि वैद्य, त्याच गावाला प्रभू सांगतो की सोने, वस्त्र आणि डोळ्यांचे अंजन माझ्याकडून घे. कोमटपणाचा शब्दही त्यांना झोंबला असेल. शेजारच्या हेरापलीला गरम झरे होते, कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयाचे पाणी नळांतून लांबून येई. क्षार साचून अरुंद झालेले ते नळ आजही तिथे पाहता येतात.

दार ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र आपल्या अनेक घरांत असते. ते दार अविश्वासी माणसाचे, असे आपण धरून चालतो. लावदिकीयाच्या पत्रात ते मंडळीचे आहे. त्याच्या नावाने जमलेले लोक आत, आणि तो बाहेर.

चोरी करणाऱ्याला निदान चोरी ठाऊक असते, म्हणून तो कधीतरी क्षमा मागतो. ज्याला काही कमी नाही, तो मागेल काय? मंडळीच्या वार्षिक सभांना मी पुष्कळ बसलो आहे. जमाखर्चावर दोन तास बोलणे होते, आणि प्रार्थना आरंभी दोन मिनिटे, शेवटी एक. शिल्लक चांगली असली की शेवटची विसरतेही. तेव्हा मला फार भीती वाटते.

आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा एवढे आठवून पाहा : देवाशिवाय आपले चालणार नाही, असे वाटून आपण शेवटचे कधी मागितले? आठवले नाही, तर तेवढीच गोष्ट त्याला सांगा. तो दाराशीच आहे.