ढोराचं औषध महाग का?

(जांब समर्थ येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



समर्थांच्या जन्मगावी उभं राहून ढोरांच्या औषधांवर बोलायचं, हा विषय काहींना जरा हलका वाटेल. पण गोठ्यात गाय, म्हैस नाहीतर दोन-चार शेळ्या नाहीत अशी घरं इथं थोडीच. मेडिकलचं बिल हातात आलं की "माणसालासुद्धा एवढं लागत नाही हो!" हे वाक्य आपल्या तोंडून निघतंच. आज त्याच वाक्याचा हिशेब करू.

आधी वजन धरा. १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक दिन असतो. पोरांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, तीही फुकट. गायीला हेच औषध किलोमागे साडेसात मिलिग्रॅम लागतं. गाय ४०० किलोची असली तर झाले ३,००० मिलिग्रॅम. म्हणून तिचा बोलस, म्हणजे मोठी गोळी, ३ ग्रॅमचा येतो. साडेसात पोरांचा डोस एका घशात गेला, यात दुकानदाराशी भांडण्यासारखं काही नाही. (जाता जाता सांगतो, गाय नुकती गाभण असेल तर हा बोलस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.)

पण सगळंच वजनावर ढकलता येत नाही. गोचीड ताप घ्या. थायलेरिया नावाचा जंतू गोचिडामार्फत रक्तात शिरतो आणि संकरित गायींना जास्त छळतो. त्यावरचं बुपारव्हाकोन २० किलोला १ मिलिलिटर, म्हणजे आपल्या गायीला २० मिलिलिटर. पॅरासिटामॉल कोट्यवधी माणसं खातात, ढीगभर कंपन्या ते बनवतात, भाव आपोआप खाली राहतो. बुपारव्हाकोनला माणसांमधलं गिऱ्हाईकच नाही. आणि गाय तापाने फणफणलेली असताना चार दुकानं फिरून भाव विचारणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. माणसाच्या औषधाच्या पाठीशी सरकार उभं आहे. आवश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधं आहेत आणि २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने अशा औषधांना कमाल भाव ठरवून दिला जातो. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत भाव वाढवायची मुभा आहे. ही यादी माणसांच्या आजारांची आहे. लाळ्या-खुरकूत, काससुजी, गोचीड ताप यांना तिच्यात जागा कुठून असणार? जनऔषधीची दुकानं जानेवारी २०२५ मध्ये १५,००० झाली. ढोरांसाठी तशी स्वस्त औषधं द्यायची योजना केंद्राने मंजूर केली ५ मार्च २०२५ ला, पशु औषधी या नावाने. पशुआरोग्याच्या ३,८८० कोटींतले ७५ कोटी तिच्या वाट्याला आले. शंभरातले दोनही नाहीत. उशिरा का होईना, पाऊल योग्य पडलं, एवढं मी म्हणेन.

सरकारने मनावर घेतलं तर होतं, हे आपण लम्पीत पाहिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला रोग सापडला; पुढे राज्यभर गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस फुकट टोचली आणि दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये दिले. पण साथ ओसरल्यावर रोजच्या काससुजीला कोण विचारतो?

माणसाचं औषध स्वस्त आणि ढोराचं महाग असलं की काय होतं, ते गिधाडांना विचारावं, म्हणजे उरली असतील त्यांना. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशातून जवळजवळ संपत आली होती. २००६ मध्ये ढोरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. पर्याय होता मेलॉक्झिकॅम, पण तेव्हा तो महाग. मग लोकांनी काय केलं? माणसांसाठी म्हणून विकली जाणारी डायक्लोफिनॅकची ३० मिलिलिटरची बाटली आणली आणि बैलाला टोचली. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरतं, तर एवढी मोठी बाटली कुणासाठी निघत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अखेर २०१५ मध्ये माणसाचं इंजेक्शनही एका डोसाच्याच पॅकमध्ये विकायचं ठरलं. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. भावातला फरक तसाच ठेवून नुसत्या बंदीचा कागद काढणाऱ्यांनी हे आधी ओळखायला हवं होतं.

घरी गेल्यावर गोठ्यातली एखादी बाटली उजेडात धरून बघा. लेबलवर पाळीव जनावराच्या मुंडक्याचं चित्र असतं आणि 'माणसांसाठी नाही' अशी सूचना. त्याच लेबलवर, बारीक अक्षरात, औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही तेही लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नियमाने किमान ७ दिवस धरायचे. दिवसाला १२ लिटर देणारी गाय असेल तर ८४ लिटर दूध डेअरीला घालायचं नाही. आपल्याकडे ते सर्रास जातं, आपण सगळे जाणतो. ते दूध आपलीच पोरं पितात. पण त्या ८४ लिटरची भरपाई कुठल्याच योजनेत नाही आणि औषधाच्या बिलातही ते दिसत नाही. तेव्हा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आणि दूध किती दिवस बंद ठेवायचं तेही. त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची बाटली स्वस्त आणि बंदीचे दिवसही कमी, असं कधी कधी निघतं.

प्रश्न असतील तर विचारा. मागं बसलेल्या बायांनी आधी विचारावं. धार त्याच काढतात.